बुडालेल्या विहाराची झाडलोट

माझी मावशी डावखुरी. जुन्या गावातल्या विहारात तिनं एकोणीस वर्षं झाडलोट केली. तिच्या झाडूचे फराटे उलट्या बाजूला कलायचे. भंते हसून म्हणायचे, "फरशी बघितली की कळतं, ताई येऊन गेल्या."

मग धरण झालं. गाव उठलं, भंते शहरात गेले. बुद्धमूर्ती मात्र तळाच्या खडकातूनच कोरून उभी केलेली, ती हलवणार कशी? ती राहिली तिथेच, आणि पाणी तिच्या डोक्यावरून गेलं.

मावशी नव्या वसाहतीत आली, दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायला लागली. आईच्या माघारी मी तिच्याकडेच वाढले. सकाळी उठली की तिचा डावा खांदा धरलेला असायचा. "चादरी पिळून होतं ते," मी म्हणायचे.

गाव बुडाल्यावर बाविसाव्या वर्षी धरण आटलं आणि विहार उघडा पडला. आम्ही दोघी भर दुपारी बघायला गेलो. मावशीनं घरचा झाडू बरोबर घेतला होता.

"एवढ्याशा झाडूनं काय होणार?" मी हसले.

"रिकाम्या हातानं कसं जायचं?"

पायऱ्यांवर गुडघाभर गाळ, वाळून तडकलेला. दारातही तेवढाच. तो तुडवत आत शिरलो आणि माझे पाय जागीच थबकले. आत गाळ नव्हता. फरशीवर राखेसारखा पातळ थर तेवढा, आणि त्यावर झाडूचे फराटे. भिंतीपासून मूर्तीपर्यंत ओळीनं, सगळे उलटे कललेले. पायाचा ठसा एकही नाही.

"कुणीतरी आपल्याआधी येऊन गेलंय," मी म्हटलं.

"दारातला गाळ कुणी तुडवला होता का?"

मी वळून दाराकडे बघितलं. मावशी फरशीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, स्वप्न पडतं."

"रोज?"

"रोज. पाणी फार गार असतं गं."

झाडू न टेकवताच ती मागे फिरली.

आठवड्यानं आम्ही शहरात भंत्यांकडे गेलो. ते आता फार थकले होते. त्यांनी सगळं मध्ये न बोलता ऐकलं आणि एवढंच विचारलं, "ताई, मूर्तीच्या मागचं झाडता का?"

"नाही भंते. तिथे कुणीतरी बसलेलं असतं."

कोण, ते भंत्यांनी विचारलं नाही. समोरचा चहा तिघांचाही तसाच राहिला.

पुढच्या पावसात पाणी पुन्हा चढलं. माझं लग्न झालं, मावशीची नोकरी संपली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, धडधाकट, स्वतःचं सगळं स्वतः करत. फक्त दिवेलागणीलाच अंथरूण घालायची. माहेरपणाला आले असताना मी एकदा विचारलं, "एवढी कसली घाई गं?"

"लांब जायचं असतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.