चष्मेवाल्यांची बोट

चष्मेवाल्यांनी दुकान विकलं तेव्हा गावातल्या निम्म्या नाकांवर त्यांनीच बसवलेल्या काचा होत्या. हाताशी वेळ आला, म्हणून नवराबायकोनं हौसेनं एक जुनी बोट घेतली. बुटकीशी केबिन, समोरासमोर दोन बाक, कोपऱ्यात शेगडी. रविवारी बंदराच्या तोंडापर्यंत जायचं आणि दुपारी परत यायचं. सुकाणू बायकोकडे असायचं. ती म्हणायची, "अहो, जगाला चष्मे लावलेत, पण तुम्हाला समोरचा खडक दिसायचा नाही."

मग ती आजारी पडली, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी गेलीसुद्धा.

घर खायला उठतं म्हणतात. चष्मेवाल्यांच्या घरातली एकेक वस्तू उठायची. कपाटातली तिची लोणच्याची उंच बरणी, खिडकीकडे तोंड केलेली तिची खुर्ची, पलंगाच्या तिच्या बाजूच्या दिव्याचा खटका. कशालाच हात लावायचा धीर होईना. एकदा बोटीला हवा द्यावी म्हणून ते धक्क्यावर गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग बोटीवर एक घोंगडी गेली, विजेची किटली गेली, हीटर गेला. तिच्या कपड्यांची खोकी घरात बघवत नव्हती आणि कुणाला द्यायला मन होत नव्हतं, तीही बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली.

बोट काही जागची हलत नव्हती. पण पाण्यावर असल्यामुळे थोडी डुलायची, आणि तेवढ्यानंही आपल्याखेरीज कुणीतरी आत वावरतंय असं वाटायचं.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. तिचा फोन यायचा.

"बाबा, कुठे आहात?"

"घरीच. कुठे जाणार?"

"पाण्याचा आवाज येतोय."

"नळ गळतोय. माणूस बोलावलाय."

तो माणूस काही आला नाही आणि नळही गळायचा थांबला नाही. मुलीनं ताणून धरलं नाही.

बोटीत एक छोटा रेडिओ होता. एकदा त्याची चौकोनी बॅटरी संपली. दुकान वर चढावर, बाहेर गारठा. बायकोनं छताला धूर झाला की वाजणारी घंटी बसवली होती, तिच्यात अगदी तसलीच बॅटरी. चष्मेवाल्यांनी बाकावर उभं राहून ती काढली आणि रेडिओत घातली. उद्या नवी आणू, असं मनाशी म्हणाले. पण बातम्या कसल्याही असोत, माणसाचा आवाज तर होता. उद्या काही उजाडला नाही.

बोटीला वीज यायची ती धक्क्यावरच्या खांबावरून, एका लांब केबलनं. ती घेतली होती दिव्यापुरती. खाऱ्या हवेनं तिच्या पिना खाल्ल्या होत्या, बोटीच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग सैल बसायचा. त्यावर आता हीटर आणि किटली दोन्ही चालायचे. कधीकधी करपल्यासारखा वास यायचा. शेजारच्या बोटीला कुणी रंग देत असेल, असं म्हणून ते खिडकी लावून घ्यायचे.

त्या दुपारी ते जेवून बाकावर आडवे झाले. हीटर पायाशी, रेडिओ उशाशी. जाग आली ती खोकल्यानं. केबिनमध्ये काळा धूर खाली उतरत होता. दाराजवळच्या फळीमागून, जिथून केबल आत यायची तिथून, ज्वाळा वर चढत होत्या. आग विझवायचं लाल नळकांडं दाराशीच टांगलेलं होतं, ज्वाळेच्या पलीकडे. डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला मिळणार नव्हतं.

पुढच्या बाजूला छतात एक झडप होती. तिच्याखाली खोकी रचलेली. चष्मेवाल्यांनी श्वास रोखून खोकी ओढायला सुरुवात केली. एक फाटलं. तिचा निळा कोट, लोकरीचे मोजे, सगळं पायात आलं. ते तुडवत ते पुढे गेले आणि दोन्ही हातांनी झडप ढकलली.

वरून एका हातानं त्यांचं मनगट पकडलं. धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून शिडं शिवणारी बाई होती ती. सगळे तिला शीडवाली म्हणायचे. रोज येताजाता चष्मेवाले तिच्यासमोरून मान खाली घालून जायचे, तिच्याशी कधी शब्दानं बोलले नव्हते.

"काका, दुसरा हात! आणखी कुणी आहे आत?"

"नाही. कुणी नाही."

तिनं त्यांना धक्क्यावर ओढलं, खांबावरचा खटका पाडला, फोनवर आग आग म्हणून ओरडली. शेजारच्या बोटीचं ताडपत्रीचं छत धुमसायला लागलं होतं. तान्ह्या मुलाला घेऊन त्यातले नवराबायको धावत बाहेर पडले.

"काका, वारा पाण्याकडे आहे. तुमची बोट सोडली तर आपोआप लांब जाईल. नाहीतर ही सगळी रांग पेटेल."

दोर खुंट्याला बांधलेला होता. ती गाठ बायकोनं शेवटच्या रविवारी मारलेली. त्यानंतर बोट हललीच नव्हती, मग गाठ कोण सोडणार? चष्मेवाले गुडघ्यावर बसले. मिठानं दोर दगडासारखा झाला होता. नखं लावून पाहिलं. मागून शीडवालीनं आपली सुरी पुढे केली.

त्यांनी दोर कापला.

बोट हळूहळू सरकली. मधल्या पाण्यात गेल्यावर तिच्या खिडक्या फुटल्याचा आवाज आला. बंबाची होडी आली तेव्हा वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मुलगी धावत आली. दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसून तिनं त्यांच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघितलं.

"तुम्ही घरी असता ना, बाबा?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार? म्हाताऱ्याला स्वतःच्या घरात बसवत नाही म्हणून?"

"हेच सांगायचं होतंत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आगीच्या तपासाला आलेल्या माणसानं सरळ सांगितलं. "काका, एवढ्याशा तारेवर हीटर चालवत नाहीत. प्लग हाताला गरम लागला की समजायचं, आत काहीतरी जळायला लागलंय. घंटीची बॅटरी काढायची नाही. नळकांडं अशा जागी हवं की पळतापळता हाताला लागेल. आणि बाहेर पडायच्या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या." चष्मेवाल्यांनी मान डोलावली. रेडिओचं त्यांनी त्याला सांगितलं नाही.

मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. सकाळी सगळे कामाला जायचे आणि ते परक्या खिडकीतून परका रस्ता बघत बसायचे. थंडी सरायच्या आत ते परत आले.

आता ते रोज सकाळी धक्क्यावर चक्कर मारतात. केबल जोडलेली बोट दिसली की वाकून प्लगला हाताची पाठ लावतात, खिशातलं दुकानातलं जुनं भिंग काढून पिना बघतात. सुरुवातीला लोक हटकायचे. "ओ आजोबा, काय शोधताय?" मग शीडवालीनं शेडमधूनच ओरडून सांगितलं, "बघू द्या त्यांना!" कुणी केबल बदलली, कुणी हसून सोडून दिलं. थंडीत बहुतेक बोटी झाकलेल्याच असतात. मग ते घरी जातात आणि तिच्या खुर्चीला पाठ करून जेवतात.

एकदा टोकाच्या बोटीचा प्लग चांगलाच गरम लागला. चष्मेवाल्यांनी खांबावरचा खटका पाडला आणि दार ठोठावलं. पांढऱ्या दाढीचा एक माणूस डोळे चोळत बाहेर आला. अंगावर कोट, त्यावर घोंगडी. आत हीटर विझत होता.

"वीज तुम्ही घालवलीत?"

"हो. प्लग बघा तुमचा. काळा पडलाय."

त्यानं वाकून बघितलं आणि घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"इथेच राहता?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"छे, छे. घर आहे की. मोठं आहे." मग तो म्हणाला, "म्हणजे, खूपच मोठं आहे."

चष्मेवाल्यांनी भिंग खिशात ठेवलं. शेडच्या भिंतीला टेकून एक बाक होता, तिथे ऊन आलं होतं.

"चला," ते म्हणाले. "नवा प्लग मिळेपर्यंत तिथे बसू."