कमळाच्या देठातला कंप

शितायाच्या गल्लीत तोकुजिरोइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका स्थिर हातही कुणाचा नव्हता. चेरीच्या फळीवर चित्रांचे ठसे कोरण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. तो पक्ष्याच्या डोक्यावरची पिसं कोरायला बसला की घरातली माणसं खोकलासुद्धा दाबून धरत.

त्याचा एकुलता एक मुलगा शिन्साकु पक्षी आणि फुलं रंगवायचा. बापलेकाचं कधी पटलं नाही. चित्रकाराची रेष कुठे अडखळली, तर कोरताना ती गुपचूप सरळ करून टाकायची, हा या धंद्यातला रिवाज. तोकुजिरोने पोराच्या सरावाच्या चित्रांवरही तो चालवला.

"बाबा, तुम्ही माझी रेष ठेवतच नाही. तासून तासून स्वतःची करून टाकता."

"आधी सरळ काढायला शीक, मग ठेवतो," हे बापाचं ठरलेलं उत्तर.

मग शिन्साकु क्षयाने गेला. शेवटच्या उन्हाळ्यात अंथरुणात बसून त्याने एक चित्र काढलं होतं. शिनोबाझु तळ्यातलं कमळ आणि त्याच्या लांब देठावर बसलेला खंड्या. शेजारी बसून आई, ओ-रिन, त्याला शाई उगाळून देत होती. प्रकाशक काहेइने ते चित्र एकदाच, दारात उभ्या उभ्या पाहिलं, आणि शिन्साकुच्या नावाने छापायचं कबूल केलं. पोराचं नाव छापून येणार होतं ते या एकाच चित्रावर.

पण कोरायचं तर मूळ चित्र फळीवर पालथं चिकटवावं लागतं. सुरी फिरली की कागदाच्या चिंध्या होतात आणि चित्र कायमचं जातं.

"अहो, दुसऱ्या कागदावर गिरवून घ्या ना," ओ-रिन रडवेली होऊन म्हणाली. "एवढंच तर राहिलंय त्याचं."

तोकुजिरोने एका चांगल्या माणसाकडून गिरवून घेतलं. खंड्या हुबेहूब उतरला होता, पण जीव नव्हता त्यात. ओ-रिनने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग उठली आणि तांदळाच्या खळीची वाटी स्वतःच आणून त्याच्यापुढे ठेवली.

मूळ चित्र फळीवर पालथं चिकटवून तो ओल्या बोटाने कागदाची पाठ चोळत गेला, तसतशा रेषा वर दिसू लागल्या. खंड्याच्या पायाखालीच देठाची रेष थरथरली होती. एका फटक्यात ती सरळ झाली असती. तोकुजिरो सुरी धरून कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. मग त्या कंपाच्या दोन्ही अंगांनी, एक वळणही न चुकवता, त्याने सुरी नेली. इतकं अवघड काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

पहिला छाप पाहायला काहेइ आला. चष्मा लावून तो पुटपुटला, "खंड्या सुरेखच. पण उस्ताद, हा देठ? पोराचीच रेष अशी असेल, तर त्याचं नाव नको घालायला. लोक माझ्या दुकानाला हसतील."

"रेष सरळ होती त्याची," तोकुजिरो म्हणाला. "माझा हात थरथरला."

पडताळून पाहायला मूळ चित्र उरलंच नव्हतं. पायाशी लागून असलेला देठ पुन्हा कोरायचा तर खंड्याही बिघडला असता. काहेइने सुस्कारा सोडला आणि नाव राहू दिलं.

कोरणाऱ्याचा हात थरथरला ही बातमी लपत नाही. तोकुजिरोकडे पक्षी येणं बंद झालं. येऊ लागली ती चहाच्या डब्यांवरची लेबलं. त्यांच्या रेघा तो खाली मान घालून दोरीसारख्या सरळ कोरायचा, आणि ते पाहून ओ-रिनचा जीव तुटायचा.

"खरं का नाही सांगितलंत?" तिने एकदा विचारलंच.

"सगळा जन्म त्याच्या रेषा सरळ केल्या," तो म्हणाला. "एक तरी त्याची त्याला ठेवायची होती."

छपाई संपल्यावर फळी घरी आली होती. ओ-रिनने ती मांडीवर घेतली, देठावरून हळूहळू बोट फिरवत नेलं आणि कंपापाशी थांबवलं.

"इथे खोकला आला होता त्याला," ती म्हणाली.