मान डोलवायची नोकरी

बार्शीच्या स्टँडवर एसटी हलली तेव्हा तुम्ही सगळे खालून ओरडत होता, "जाता जाता हेडमास्तरांचा आवाज काढ!" मी काढला. अख्खी गाडी हसली. पप्पा तेवढे म्हणाले, "तिकडं तरी स्वतःच्या आवाजात बोल."

तर दोस्तांनो, इथं मला बोलूच देत नाहीत! नवी मुंबईत, उलव्यात फ्लॅट विकतो मी. आमच्या मॅडमचं 'ॲक्टिव्ह लिसनिंग'चं ट्रेनिंग असं: कस्टमर बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, मान डोलवायची, मग त्याचंच वाक्य त्याला परत सांगायचं. म्हणजे त्याला वाटतं, आपलं ऐकलं. आपल्याकडं कुणी असं गप्प मान डोलवत बसला तर लोक विचारतील, "बरं नाही का रे?" आणि वाक्य परत सांगायला गेलो की आवाजपण त्याचाच निघतो. त्याला मी काय करू? दोघं-तिघं चिडून निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "आता एक जरी गेला, तर तू पण गावाला."

शनिवारी साताऱ्याकडचे काका-काकू आले. काका म्हणाले, "हॉल मोठा पायजे."

"म्हणजे काका, तुम्हाला हॉल मोठा पायजे." आवाज थेट काकांचा, घोगरा.

"मग मी काय म्हणलो? चेष्टा करतो का रं?"

काचेमागून मॅडम बघतायत. मी मान डोलवली.

काका पार्किंगवर घसरले, मग लिफ्टवर. मधूनच काकू हळूच विचारायच्या, "इथनं रिक्षा मिळती का?" काका थांबायलाच तयार नाहीत. काकूंनी परत विचारलं. मान दुखायला लागली राव. शेवटी तोंड सुटलंच. "ओ काका, थांबा जरा! काकू, जायचंय कुठं तुम्हाला?"

"नेरूळला. लेक एकटीच असती तिथं."

"रोज जाऊन बसशील!" काका उखडले.

"मग बसणारच की!"

दोघं एकदम सुरू. मीपण घुसलो, रिक्षा स्टँडसमोरच्या बिल्डिंगचं सांगत सुटलो. जाताना काका म्हणाले, "उद्या ती दाखव. आन् तूच यायचं."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "कस्टमरचं बोलणं तोडलंस! ॲक्टिव्ह लिसनिंग झिरो!" नोकरी मात्र राहिली.

रूमवर आम्ही चौघं राहतो. चौघांच्या कानात इयरफोन, कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. वैताग येतो ह्या शहाणपणाचा. मग तुमचा फोन येतो, मी अर्धं वाक्य बोलतो आणि पलीकडून सगळे एकदम ओरडतात, "ए गप, आधी माझं ऐक!"

तेवढा वेळ मी घरी असतो.