हवेत आवळलेले नट

गॅरेजचं शटर खडखडत वर जातं. सकाळचं ऊन आधी गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याच्या काठावर पडतं, मग भिंतीवर ओळीनं टांगलेल्या पान्यांवर, आणि शेवटी मधोमध, त्या खड्ड्याच्या वर, लोखंडी घोड्यांवर तोलून धरलेल्या लाल, दोन आसनी जुन्या गाडीवर. तिची चाकं हवेत लोंबताहेत. शेजारी स्टुलावर एक काटकुळा म्हातारा हात पुसत बसलाय. सगळे त्याला पानामास्तर म्हणतात. तो वाट बघतोय, आणि वाट बघण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

बावीस वर्षांपूर्वी हीच गाडी त्यानं भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, गॅरेजात खोलली होती. मागची चाकं धरून ठेवणाऱ्या चार दांड्या, त्यांच्या टोकांना आठ बुश, म्हणजे धक्के झेलणारी जाड रबरी कडी. नवे बुश घालून त्यानं नट नुसते हातानं लावून ठेवले. पक्के आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच, हा त्याचा नेम. नेमकं त्याच दुपारी बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. परतला तर गाडी गेलेली! भाऊजींनी ती हवेत असतानाच नट आवळून मालकाच्या ताब्यात दिली होती.

सहा महिन्यांनी एका वळणावर गाडीनं मागून अंग टाकलं. मालक कप्तानसाहेब कायमचे लंगडे झाले. "मेहुण्यानं नट ढिले सोडले होते," असं सांगून भाऊजी मोकळे झाले. ताई रडत आली, "तू तोंड उघडलंस तर माझा संसार मोडेल रे." पानामास्तर गप्प बसला. पुढे कित्येक वर्षं लोक त्याला पंक्चरसुद्धा काढू देईनात. तो गप्प होता, विसरला मात्र काही नव्हता.

यंदा ताई गेली. तीन महिन्यांनी कप्तानसाहेब काठी टेकत दारात उभे.

"अपघातापासून गाडी तशीच पडून आहे. तिला हात लावणारा दुसरा कुणी उरला नाही म्हणून आलोय. विश्वास नाही तुझ्यावर. शेवटचे नट तुझे भाऊजी आवळतील, माझ्या डोळ्यांदेखत."

"आनंदानं," पानामास्तर म्हणाला. इतक्या चटकन, की साहेबांनी चष्मा सावरून त्याच्याकडे बघितलं.

तीन आठवडे तो राबला. गंज खरवडला, स्प्रिंगा बदलल्या, दांड्या रंगवल्या. दांड्यांतून निघालेले तेव्हाचे बुश मात्र फेकले नाहीत. बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले.

आणि आता साहेबांच्या मागोमाग भाऊजी आले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"काय रे मेहुण्या, या खेपेला तरी नट लावलेस का?"

"लावलेत. आवळायचे तुम्ही. उतरा खड्ड्यात."

"मी? खड्ड्यात?"

"खुर्चीत बसून हात पोचत नाही, भाऊजी."

साहेब खुदकन हसले. भाऊजींना उतरावंच लागलं. पानामास्तरनं पाना हातात दिला आणि विचारलं, "आत्ताच आवळताय?"

"मग काय मुहूर्त बघू?"

कण्हत, कुंथत भाऊजींनी आठही नट आवळले. "बघा साहेब! याला म्हणतात काम."

पानामास्तरनं घोड्या काढल्या, जॅक हळूहळू सोडला. गाडीचं वजन चाकांवर आलं तसं खालून रबर करकरलं. त्यानं साहेबांच्या हातात टॉर्च दिला.

"वाकून बघा. दांडी फिरली, पण नटानं रबर जखडून ठेवलंय. नवंकोरं बुश, आणि आताच पिळवटलंय. दर खड्ड्याला आणखी पिळणार, शेवटी फाटणार." मग त्यानं डब्यातले जुने आठ बुश बॉनेटवर मांडले. आठही एकाच अंगानं फाटलेले. "नट ढिला असता तर भोक झिजलं असतं, साहेब. रबर असं पिळून फाटलं नसतं."

साहेबांनी एक तुकडा बोटांत फिरवला.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा ताई होती."

साहेबांची काठी खड्ड्याच्या काठावर आपटली. "खरं आहे का हे?"

खालून भाऊजींचा चेहरा वर वळला. शर्टावर ग्रीसचा पट्टा, एक हात शिडीवर. "मेहुण्या, मिटव ना आता. घरातली गोष्ट आहे."

पानामास्तरनं वाकून शिडी वर ओढून घेतली, भिंतीला टेकवली आणि स्टुलावर जाऊन बसला.

"आठही सैल करा, भाऊजी. का सैल करताय ते साहेबांना सांगत सांगत करा. सावकाश होऊ द्या. बावीस वर्षं थांबलोय, मला घाई नाही."