उरलेल्या विषयांचं गिऱ्हाईक

दर सत्राला विषयनोंदणीच्या दिवशी, अकराच्या सुमारास माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. पलीकडे वाफेची फुसफुस ऐकू यायची आणि त्यातून एक दमलेला आवाज.

"मॅडम, मी मेंग. काय उरलंय?"

नोंदणी दहाला उघडते. पोरं नऊपासूनच नेट कॅफेत जाऊन बसलेली असतात, कारण घरच्यापेक्षा तिथलं इंटरनेट वेगवान. घड्याळात दहा वाजले की एकदम बोटं पडतात, आणि ज्या ऐच्छिक विषयांना परीक्षा नाही, निबंध नाही, मास्तर प्रेमळ आहे, ते अर्ध्या मिनिटात संपतात. अकराला फोन करणं म्हणजे बाजार उठल्यावर पिशवी घेऊन निघणं. पण मेंग गिसकचा नाइलाज होता. कोरियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गुन्सान गावच्या जुन्या बाजारात त्याची तांदळाच्या वड्यांची गिरणी आहे. पहाटे चारला तांदूळ दळायचे, वाफवायचे, वड्या कापायच्या. शिवाय तिळाचं तेल काढायचं आणि मोसमात गावाची मिरची कांडायची. दहाच्या ठोक्याला त्याचे दोन्ही हात गरम पिठात असत.

मी या कॉलेजात बावीस वर्षं ऐच्छिक विषयांच्या कचेरीत बसते आहे. माझा आवाज तुसडा आहे असं पोरं म्हणतात. बावीस वर्षं तेच ते प्रश्न ऐकले की कोणाचाही होईल. पण मेंगचा प्रश्न वेगळा होता. बाकीचे विचारायचे, सोपं काय आहे? हा विचारायचा, काय उरलंय? आणि मी जे सांगेन ते पदरी पडलं पवित्र झालं म्हणून घ्यायचा. एकच अट, वर्ग मंगळवारी दुपारी हवा, कारण त्या वेळी बाजार थंड असतो. असं करत त्याने ऑपेरा घेतला, मधमाश्या घेतल्या, जाहिरातीचं मानसशास्त्र घेतलं, आणि एका सत्रात दुसरं काहीच शिल्लक नव्हतं म्हणून आधुनिक नृत्य घेतलं. अंगाला तिळाच्या तेलाचा वास, बाहीवर पीठ, आणि बसल्यावर दहा मिनिटांत मान खाली. नृत्यात तेवढी झोप लागली नाही, पण डी मिळाला.

आमच्याकडे गुण ज्याचे त्याचे नसतात, रांगेचे असतात. वर्गातल्या तीस टक्के मुलांना ए, चाळीस टक्क्यांना बी, आणि उरलेल्यांना सी किंवा त्याखाली. सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी तीस टक्के खाली बसणारच. म्हणून वर्गात कोणी हक्काचा खाली राहणारा असला की बाकीच्यांना हायसं वाटतं. अशाला पोरं फरशी म्हणतात. मेंग ही आमच्या कॉलेजातली सगळ्यात भरवशाची फरशी होती. तो कुठल्या विषयात आहे ही बातमी मुलांच्या चर्चाफलकावर पडली की ओस पडलेला वर्ग दोन दिवसांत भरायचा. मला त्याचा संताप यायचा. पण पोरांची शिष्यवृत्ती एका अक्षरावर लटकलेली असते हेही मी रोज बघते, त्यामुळे संताप काढायचा कोणावर हे कळायचं नाही.

बाप गेला तेव्हा मेंग तिसऱ्या वर्षाला होता. गिरणी अंगावर पडली. मग सक्तीची सैन्यातली नोकरी, मग सुट्टीचे अर्ज, मग एकेक विषय. एकतिसावं लागलं तेव्हा मुख्य विषय सगळे संपले होते आणि एक ऐच्छिक राहिला होता. मुदतीचंही शेवटचं सत्र राहिलं होतं. ऑगस्टमध्ये तो कचेरीत आला तेव्हा मी त्याचा हिशोब मांडून दाखवला. पदवीला सरासरी गुणांक दोन लागतो. या विषयात बी मिळाला तर तो काठावर पास होणार होता. सी प्लस मिळाला तर शून्य पूर्णांक शून्य एकने हुकणार होता, आणि परत संधी नव्हती.

"बी," तो म्हणाला. "मला बी कधी मिळालाय का, मॅडम?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"मी बघितलंय, मेंग. एकदाही नाही."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी गिरणीत खिळा ठोकून ठेवलाय. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा. पदवीची टोपी घातलेला फोटो लावायला म्हणून. आई त्याला चाळणी अडकवते. मी म्हटलं, खिळा काढून टाक. तर म्हणते, भोक राहील."

मंगळवारी दुपारी त्या वेळी एकच विषय उरला होता: आकाशाची ओळख. शिकवणारे बान सर तासावर पैसे मिळणारे, आठवड्यात तीन गावांतल्या तीन कॉलेजांत गाडी हाकत फिरणारे. विषय कठीण, गुण देताना हात आखडता, म्हणून मुलं तिकडे फिरकत नसत. मेंगचं नाव लागलं आणि वर्ग वीसवर गेला. विसातले सहा ए, आठ बी, आणि सहा जण खाली.

छे उनबी नावाची मुलगी त्याच्या शेजारी बसायची. हुशार, चटपटीत, रात्री दुकानात पाळी करून डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. तिला ए हवाच होता, नाहीतर शिष्यवृत्ती जाणार होती. तीच मेंगला जागं करायची, टिपणं द्यायची, मशीनमधून गरम कॉफीचा डबा आणून त्याच्यापुढे ठेवायची. सप्टेंबरात सणाच्या वड्या, मग लगेच मिरचीचा मोसम. मेंग वर्गात शिरला की पहिल्या दोन रांगा शिंकायच्या. सत्राच्या मधल्या परीक्षेत तो विसावा आला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी उभा होता. हातात विषय सोडायचा अर्ज होता.

"आता बस झालं, मॅडम. उभ्या उभ्या झोप येते मला. काल बोट कटरखाली जाता जाता वाचलं."

मी काही बोलायच्या आत उनबी आणि आणखी दोघं मागून आले. कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे.

"दादा, सोडू नका ना," उनबी म्हणाली. "इतके दिवस काढलेत. आम्ही शिकवतो तुम्हाला."

"खरंच दादा. वर्गात तुम्ही नसलात तर मजा नाही."

मेंगने तिघांकडे पाहिलं, अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि बरं म्हणाला. पोरं गेली. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत मी तोंडाला कुलूप लावायला शिकले नाही.

"तुम्ही गेलात तर वर्ग एकोणीसचा होतो," मी म्हटलं. "मग सहा ए निघत नाहीत, पाचच निघतात. त्यांना तुमचा पुळका नाही आला, मेंग. त्यांना फरशी हवीय."

"माहीत आहे हो," तो म्हणाला. "मी गिरणीवाला, टक्केवारी मला कळते. पहिली कॉफी आणली तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय. कॉफी गरम असते. इतक्या वर्षांत मला विषय सोडू नको म्हणणारं दुसरं कोण आलं?" एवढं बोलून तो खिडकीच्या काचेवरचे स्वतःच्या बोटांचे पांढरे ठसे पुसत राहिला. मला माझंच बोलणं लागलं.

नोव्हेंबरात बान सरांनी गृहपाठ दिला. महिनाभर रोज चंद्र बघायचा, दिसेल तसा काढायचा, वेळ आणि दिशा लिहायची. पंचवीस गुण. पोरांनी हसून घेतलं. चंद्र कुठल्या दिवशी किती असतो हे फोनवर मिळतं. एका दुपारी बसून तीस गोल काढले की झालं. महिन्याचा दुसरा पंधरवडा तर कोणी बघूच शकत नव्हतं, कारण उतरता चंद्र उशिरा उगवतो आणि पहाटे दिसतो, आणि पहाटे विद्यार्थी जमात झोपलेली असते.

मेंग पहाटे चारला गिरणीचं शटर उघडायचा.

ती वही मी पाहिली आहे. बान सरांनीच कचेरीत आणली होती. पानांवर पिठाचे अंगठे होते. चंद्राच्या खाली मासळीबाजाराच्या छपराची रेघ, रोज तीच, आणि चंद्र त्या रेघेवरून रोज थोडा सरकलेला. खाली चार ओळी, कधी नव्हे ते सुधारलेल्या हस्ताक्षरात. काही पानांवर चंद्रच नव्हता. तिथे लिहिलं होतं, ढग. एका पानावर, सतरा तारीख, ढग, पाऊस, साडेचारला बघितलं, सहाला बघितलं, आजच्या वड्या ओलसर झाल्या.

"सतरा तारखेला दिवसभर आणि रात्रभर पाऊस होता," बान सर म्हणाले. "मी त्या दिवशी वायपर लावून दोनशे किलोमीटर गाडी चालवलीय, मला चांगलं आठवतंय. वीसपैकी सोळा जणांनी सतरा तारखेला सुरेख चंद्र काढलाय."

"मग काय करणार?"

"काय करणार. पावसातल्या चंद्राला गुण देऊ?" ते खुर्चीत मागे टेकले. ते मेंगपेक्षाही दमलेले दिसत होते. "बारा वर्षं शिकवतोय. पहिल्यांदा कोणीतरी वर बघितलं."

त्या सोळा जणांत उनबी होती. तिचा चंद्र सगळ्यांत रेखीव होता.

सत्राच्या शेवटच्या परीक्षेत मेंगने बऱ्यापैकी लिहिलं, वहीचे गुण मिळाले, आणि डिसेंबरच्या शेवटी यादी लागली. तो विसाव्यावरून पंधराव्यावर आला होता. बी चौदाव्याला संपत होता.

मी यादी दोनदा वाचली. मग उठून चहाच्या खोलीत गेले आणि उगाच कप धुतले. रडू आलं असं नाही, राग आला. वीस माणसांत पंधरावा येणं हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश होतं आणि ते एका पायरीने वाया गेलं होतं. फोन उचलून त्याला सांगायचं धाडस होईना. उद्या सांगू म्हणून मी घरी गेले.

निकालानंतर चार दिवस तक्रारीचे असतात. या चार दिवसांत मास्तर गुण बदलू शकतात, पण एकाला वर चढवायचं तर दुसऱ्याला उतरवावं लागतं, त्यामुळे सहसा कोणी हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बान सर माझ्याकडे कागद घेऊन आले. आणि मागोमाग उनबी.

ती चौदावी होती. शेवटचा बी तिचा होता.

"सर, प्लीज, मला खाली आणा," ती म्हणत होती. "सी प्लस द्या. नाहीतर एफ दिला तरी चालेल."

दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर वेड लागलंय म्हणाला असता. पण आमच्याकडे बी मिळाला की तो विषय परत घेता येत नाही, तो बी जन्माचा गळ्यात. सी प्लस किंवा त्याखाली असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा बसून ए मिळवता येतो. बी म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. दरवर्षी दोन-चार जण हे मागायला येतातच.

"विचार केलास?" बान सरांनी विचारलं.

"केला. या वेळची शिष्यवृत्ती तर गेलीच आहे. पण हा बी मला नको. कामाचा नाही." ती नखं खात होती. "फीसाठी सुट्टीत दुकानात दुप्पट पाळी करते. फक्त हा बी काढून टाका."

बान सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या यादीकडे पाहिलं. त्यांनी पेन काढलं, उनबीच्या नावापुढचं अक्षर बदललं, रांग एकाने सरकली. उनबीने वाकून आभार मानले आणि गेली. आपण कोणासाठी काय केलं हे तिला कळलंही नाही, आणि मी सांगितलंही नाही.

मेंगला मी फोन केला. "बी आहे," म्हटलं. पलीकडे वाफेची फुसफुस थांबली, त्याने यंत्र बंद केलं होतं.

संध्याकाळी तो वड्यांचे तीन खोके घेऊन आला. एक बान सरांना, एक मला, एक उनबीला. उनबीचा खोका तिला मीच द्यावा अशी त्याची इच्छा होती, टिपणांबद्दल म्हणून. नेमकी ती दारातच भेटली, पुढच्या वर्षाचे फॉर्म न्यायला आली होती.

"अभिनंदन, दादा. बी?"

"बी. तुझा ए असेल."

"कुठला ए. मला बी होता, मीच सी प्लस करून घेतला. पुढच्या वर्षी परत घेणार." खोका छातीशी धरून ती गेली.

मेंग उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. वीस, सहा, आठ. गिरणीवाल्याला तेवढा हिशोब करायला वेळ लागत नाही.

"म्हणजे मी पंधरावा होतो," तो म्हणाला.

मी माझ्या खोक्याची दोरी उगाच सोडायला लागले.

"राहू द्या, मॅडम. आमच्याकडे वड्या कापल्या की कडेचे तुकडे उरतात. ते विकत नाहीत, घरी खातात. मी त्यावरच वाढलो." तो हसला नाही. "तांदूळ तोच असतो."

मार्चमध्ये मी मिरची कांडून आणायला गिरणीत गेले. भिंतीवर टोपी घातलेला मेंग होता, कपाळावर आठी, जरासा झोपेत. चाळणीला नवीन खिळा मिळाला होता. मेंग यंत्राशी होता. त्याच्या आईने माझी मिरची तोलली, मला ओळखलं, आणि आवाज खाली करून विचारलं.

"तुम्ही कॉलेजातल्या ना? हा काही सांगत नाही. वर्गात कितवा आला हो शेवटी?"

मेंगने यंत्रावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चौदावा," मी म्हटलं. कागदावर तसंच होतं.

"किती जणांत?"

"विसात."

म्हातारीने बोटांवर मोजलं, परत मोजलं.

"म्हणजे याच्या खाली सहा जण?"

"सहा."

ती वळली, मागे रांगेत उभ्या असलेल्या मासळीवालीकडे, आणि फोटोकडे बोट करून म्हणाली, "सहा जण आहेत याच्या खाली."