डाबो हाथ

कुणाला काही 'लागलं' म्हणून आरडाओरडा झाला की आधी थर्मामीटर शोधणारी बाई आहे मी. लिंबू-मिरची मला फक्त भाजीवाल्याकडे दिसते. त्यामुळे हे लिहायला बसलेय याचं माझं मलाच नवल वाटतंय... पण या कानांनी ऐकलंय, त्याला काय करू?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरत, नवागाम. मी कॉलेजला होते आणि काका-काकूंकडे राहायचे. काका पॉवरलूमवर कामाला. काकूची नजर साखरेच्या आजारानं पार गेलेली. दार वाजलं की ती स्टोपाशी बसूनच विचारायची, "कोन शे?" काका उंबऱ्यातून म्हणायचे, "मी शे." आमच्या अहिराणीत 'मी आहे'. एवढ्या दोन शब्दांत तिला तिचा नवरा दिसायचा.

गणपतीत मंडळानं दुपारी एक जादूगर आणला. सफारी सूट, लुनावर बांधलेली पेटी, तोंडात मावा — जादूगर म्हणून अगदीच निराशा. त्यानं काकांना पुढे बोलावलं, त्यांच्या ओठांसमोरून माशी पकडावी तसं काहीतरी पकडलं आणि त्यांच्या डाव्या मुठीत ठेवलं. काका बोलायला गेले तर नुसते ओठ हलले. पब्लिक हसून लोटपोट. मीसुद्धा.

मग तो म्हणाला, "हवे डाबो हाथ खोलो." मी गुजराती मिडियमची, मला कळलं — डाबो म्हणजे डावा, आता डावा हात उघडा. पण काकांच्या कारखान्यात सगळे खान्देशी नाहीतर ओडिया, शेठशी हिंदी. त्यात मागे ढोल चालू. काकांनी ऐकलं 'दाबा', आणि दाबला की हो हात, सगळा जोर लावून. "डाबो, काका, डाबो," जादूगर विनवत राहिला, काका आणखी दाबत राहिले. शेवटी मूठ उघडली तर आत काहीच नाही. जादूगराचा चेहरा पडला. "आवुं कोई दिवस थयुं नथी," असं कधीच झालं नाही म्हणून पुटपुटत त्यानं पेटी आवरली आणि लुनाचे पेडल मारत गेला. आम्ही त्याला पार शहराबाहेर भेस्तानपर्यंत शोधला, सापडला नाही.

काकांचा आवाज गेला तो गेलाच. कारखान्यात कुणाला पत्ताही लागला नाही, तिथल्या खडखडाटात सगळे खुणांनीच बोलतात. घरात मात्र वाईट झालं. काकू विचारायची, "कोन शे?" आणि उत्तर नाही. कुणीतरी चालतंय, कपबशी उचलतंय, शेजारी बसून श्वास घेतंय... समजावलं की मान हलवायची, पण मनातून भीती जाईना. एकदा काकांनी खांद्याला हात लावला तर तिनं लाटणं हाणलं. घरात दुसराच कुणी शिरलाय, असं ती मला रडून सांगायला लागली. काका भिंतीकडे तोंड करून बसले. मला दोघांचंही फार वाईट वाटायचं.

एका सकाळी ती अशीच रडत होती. डोळे पुसायला म्हणून काकांनी डावा हात तिच्या गालाला लावला, तो कानाशी गेला, आणि काकू एकदम गप्प झाली. मीही जवळ जाऊन कान लावला. तळहातातून, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं बारीक — "मी शे."

मी दचकून मागे सरकले. काकू मात्र हसत होती.

पुढे तेच नेहमीचं झालं. घरी आले की काका आधी हात तिच्या कानाला लावायचे. टाळी वाजवली की हात खोकायचा. कुणाला नमस्कार केला की आतून गुदमरलेलं "राम राम" यायचं. डॉक्टरांनी घसा तपासला — नॉर्मल. हात पुढे केला तर म्हणाले, स्किनवाल्याला दाखवा.

काही वर्षांनी काका गेले. हात गार पडला होता, माणसं न्यायला दारात उभी होती. काकू त्यांचा डावा हात कानाशी धरून बसलेली. मी सोडवायला गेले तर म्हणाली, "थांब. आजून बोली राह्यनात."

सगळे थांबले. बऱ्याच वेळानं तिनं तो हात त्यांच्या छातीवर नीट ठेवला आणि न्यायला सांगितलं. काय ऐकलं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

 आजही सुरतेत रिक्षावाल्याला कुणी "डाबी बाजू" म्हणालं, की माझी मूठ आपोआप उघडते.