महादूची उमेदवारी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. त्या वर्षांत मी अमरावतीच्या छावणीत नाईक होतो. बाजारातल्या हमालाची मजुरी आमच्या पगाराला हसायची. तरी पलटणीत भरती व्हायला माणसं येत आणि जागा रिकामी नसली तर थांबत. अशा माणसाला आम्ही उमेदवार म्हणत असू. त्यानं ओळखीच्या शिपायाच्या चुलीवर जेवायचं, लाईनीत, म्हणजे शिपायांच्या चाळीत, राहायचं, पडेल ते काम करायचं. पगार नाही, वर्दी नाही.

लोकांना वाटतं, साहेबासमोर छाती काढून दोन जबाब दिले की झाला शिपाई. साहेब उंची मोजायचा, दात बघायचा, प्रश्न विचारायचा, हे खरं. पण त्याआधी लाईन, म्हणजे तिथले आम्ही शिपाई, बघायची. पाणी आणायला गेला तर आपलीच घागर भरून येतो का, शिवी खाल्ली की जेवणावरून उठतो का, चूक झाली तर दुसऱ्याकडे बोट दाखवतो का. आमचे सुभेदार म्हणत, "तोंडाची परीक्षा साहेबाले घेऊ द्या. आपन बाकीचा मानूस पाहू."

महादू माझ्याच गावचा, चांदुराकडचा. त्याच्यासाठी मी शब्द टाकला होता. पहिल्या भरतीला साहेबानं त्याला विचारलं, "फौज में क्यों आता है?" महादूच्या तोंडून शब्द फुटेना. त्याच्या मागं उभा असलेला अकोल्याचा गडी पोपटासारखा बोलला आणि जागा घेऊन गेला. पण गर्जेल तो पडेल काय. थोड्याच दिवसांत तो गडी नोकरी टाकून कापसाच्या बाजारात पळाला.

महादू राहिला. लाईनीत एका शिपायाला पटकी झाली तेव्हा त्याच्या खाटेपाशी जायला आम्ही सगळे कचरत होतो. महादूनं त्याला पाणी पाजलं, त्याची घाण काढली, आणि कुणाजवळ त्याचा उच्चार केला नाही. सुभेदारांनी मला बोलावलं.

"सोमवारी त्याले साहेबापुढं उभं कर. त्याले बोलता नाई आलं तं मी बोलतो."

मला फार आनंद झाला. महादूनं त्या दिवशी माझा वर्दीचा कोट अंगात घालून पाहिला. बाह्या त्याला आखूड पडल्या, म्हणून लाईन हसली, तोही हसला.

रविवारी दुपारी कापसाच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामाला आग लागली. मी शिपाई घेऊन धावलो. महादू मागोमाग आलाच. पाणी मारून ज्वाळा बसवल्या. आग विझली असं समजून व्यापाऱ्याच्या माणसांनी चांगला कापूस वाचवायला गंजी उसकटली. कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो. वारा मिळाला आणि गोदाम एकदम पेटलं. दोन हमाल आतल्या भिंतीशी अडकले.

छत कलत होतं. मी हुकूम दिला, "सगळे मागं. कुणी आत जायचं नाही."

महादू ओलं पोतं पांघरत होता.

"महादू, मागं हो."

"दादा, मी कुठं शिपाई आहो अजून? तुमचा हुकूम मले लागत नाई."

एका हमालाला त्यानं फरफटत बाहेर आणलं. दुसऱ्यासाठी परत गेला. छत खाली आलं.

संध्याकाळी सुभेदार साहेबाकडे गेले. महादूला शिपायाचा मान देऊन मसणात न्यायचं होतं. मी बरोबर होतो.

"वह भरती हुआ था?" साहेबानं विचारलं.

"लाईन ने ले लिया था, साहेब. आप का सवाल बाकी था."

साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ले जाओ." आम्ही महादूला माझा कोट घातला आणि खांद्यावर नेलं. मागं सगळी पलटण चालत होती.

सोमवारी त्याचा बाप गावाहून आला. त्याला सगळं सांगितलं. कसं झालं, कुठं झालं, त्यानं काही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मंग पलटनीनं घेतलं का त्याले?"

"घेतलं, बाबा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मला मात्र रडू आवरलं नाही. पुढं मी नोकरीत पुष्कळ शिपाई गमावले. त्यांची नावं घेतो तेव्हा पहिलं नाव महादूचं घेतो, शिपाई म्हणून.